बेलगासेमचे पाच हंगाम

मुकादमाने विचारलं, किती हंगाम चढलीस, तर पोरगी म्हणाली, एकही नाही.

असं बोलतं का कुणी? दिवस उलटले तरी मेहेरझियाच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून ती तापल्या भिंतीला रोटी थापायची आणि दर रोटीबरोबर लेकीच्या नावाने एकेक वाक्य आत फेकायची.

“बाजारात शेळी विकायला नेली की आधी तिचा लंगडा पाय दाखवायचा, हे हिला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. शाळेत शिकवलं असेल. एवढी वर्षं पोटाला चिमटा घेऊन शाळेत घातली, ती ‘एकही नाही’ म्हणायला.”

सालहा उंबऱ्यावर बसून खजुरीच्या पातीचे बंध काढत होती. तिने मान वर केली नाही. “उम्मी, त्याने विचारलं. मी सांगितलं.”

“त्याने विचारलं म्हणून? उद्या विचारील तुझ्या आईचे दात किती पडले. तेही मोजून सांग.”

“ते त्याला दिसतातच की.”

मेहेरझियाने हातातला कणकेचा गोळा तिच्याकडे भिरकावल्यासारखं केलं, पण भिरकावला नाही. कणीक वाया घालवायचे दिवस नव्हते.

बाग मालकाची. मालक सफाकस शहरात राहायचा आणि खजूर उतरवायच्या वेळी मोटार घेऊन यायचा. बाकीचं वर्ष बाग मेहेरझियाच्या नवऱ्याची, बेलगासेमची होती. पाणी द्यायचं, काटे कापायचे, वसंतात नराचा फुलोरा मादीच्या पोयीत, म्हणजे फुलांच्या कोशात बांधायचा, शरदात घड उतरवायचे. त्याबद्दल फळातला पाचवा हिस्सा त्याचा, आणि बागेच्या कडेचं हे घर राहायला. लग्न होऊन आल्यापासून मेहेरझियाने दुसरं घर पाहिलं नव्हतं.

गेल्या शरदात बेलगासेमचा खुबा गेला. पडला असता तर लोकांनी निदान हळहळ केली असती. पण तो पडला नाही. घड कापून उतरता उतरता अर्ध्या झाडावर पाय जो आखडला तो हलेच ना. शेवटी त्याच्या काखेत दोर घालून धान्याची गोण सोडावी तसं त्याला खाली सोडलं. खालून मिलूद ओरडत होता, “सांभाळा रे, माल फुटेल!” मिलूद त्याच्याच बरोबरीचा, शेजारच्या बागेतला चढणारा. लोक पोट धरून हसले. बेलगासेमही हसला. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता वसंत आला होता आणि नवा मुकादम लज़हर जाहीर करून बसला होता, पाचव्या हिश्शावर माणूस घेणार. ज्याला हवं त्याने येऊन सांगावं. अट एकच, किमान पाच हंगाम चढलेला असावा. घरात चढणारं कोण उरलं? पोरगा इटलीत टोमॅटो तोडत होता. ईदला फोन करायचा, थोडा रडायचा आणि पैसे पुढच्या महिन्यात म्हणायचा. म्हणून सालहा गेली. आईला न विचारता गेली हा एक गुन्हा, आणि जाऊन ‘एकही नाही’ म्हणाली हा दुसरा.

खरं पाहिलं तर हिवाळाभर ती चढत होती. घरामागे एक खजुरी होती, ती मेहेरझियाची स्वतःची. लग्नात सासऱ्याने मेहर म्हणून लिहून दिलेली. घर गेलं तरी ती कुणाला नेता येणार नव्हती. त्या खजुरीखाली बेलगासेम चटईवर उताणा पडायचा, कारण उभं राहून मान वर करायला खुबा देत नव्हता. उताणा पडून तो लेकीला चढवायचा.

“डावा पाय! डावा! अगं, दुसरा डावा!”

“बाबा, दुसरा उजवा असतो.”

“मग तो. आणि खोडाला मिठी मारू नकोस, ते काही तुझं लग्नाचं माणूस नाही. लांब राहा. पाठ बाहेर टाक. टाचेने झावळीचा खुंट चाचप, बोटांनी नको.”

सालहाने झग्याखाली भावाची विजार चढवली होती. पहिल्या आठवड्यात मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली. मेहेरझियाने रात्री तेल लावता लावता शिव्या दिल्या, आणि शिव्या देता देता विजारीला आतून जुनी घोंगडी शिवली. तळपाय फुटले. एकदा काटा टाचेत मोडला, तो बापाने दाभणाने काढला. काढताना दोघंही पीक आणि पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिली.

पण एक खजुरी म्हणजे काही हंगाम नव्हे. ते मेहेरझियालाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त होता.

रोट्या झाल्यावर तिने हात धुतले, लाल लोकरी चादर अंगावर घेतली, ती सणावारी घेतात ती, आणि बागेत गेली. लज़हर हौदाजवळ मोटारसायकलची साखळी काढून बसला होता. हात तेलाने काळे.

“या खाला. बसा.”

“बसायला आले नाही. तू माझ्या पोरीला परत पाठवलंस.”

“खाला, ती स्वतःच म्हणाली...”

“ती काय म्हणणार? तिच्या बापाची लाज राखायची होती तिला.” मेहेरझियाने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली घेतला. “बेलगासेमचा खुबा काय गेल्या वर्षी गेला? पाच वर्षं झाली त्याला. त्याचं झाडावर जाणं कधीच संपलं. उजाडायच्या आत आम्ही यायचो. तो खाली उभा राहायचा आणि पोरगी वर. गावाला कळू नये म्हणून. गेल्या वर्षीचं पीक पाहिलंस तू? ते हिच्या हातचं.”

लज़हरने साखळी खाली ठेवली. “आणि तो दोरीने उतरवला त्या दिवशी?”

“त्या दिवशी म्हाताऱ्याला हुक्की आली. म्हणाला एकदा चढून बघतो. बघितलंस ना काय झालं ते.”

इतकं सरळ बसलं सगळं, की बोलता बोलता मेहेरझियाला स्वतःलाच ते पटायला लागलं. लज़हरने बराच वेळ हात पुसले. मिलूद तिसरा हिस्सा मागत होता, पाचव्यावर यायला तयार नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसरा एक अनुभवाचा माणूस होता, तो डूझ गावच्या हॉटेलात पाहुण्यांना उंटावरून फिरवायला गेला होता.

“शुक्रवारच्या नमाजनंतर आणा तिला,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर चढू दे. पाच हंगामांची असेल तर दिसेलच.”

मेहेरझिया घरी आली ती मान ताठ करून. लेकीला एवढंच म्हणाली, “शुक्रवारी चढायचं आहे. कोणी काही विचारलं तर तू बोलू नकोस. बोलायला मी आहे.”

मग दक्षिणेकडून शहीली सुटला. वाळवंटाकडचा तो गरम वारा एकदा सुरू झाला की पोयी थांबत नाहीत. एका उन्हात दहा-दहा पोयी फाटतात. फाटली की चार दिवसांत नराच्या फुलोऱ्याची काडी आत गेली पाहिजे, नाहीतर शरदात हाती येतो तो बिनबियांचा, बिनगोडीचा चुरा, शेळीही तोंड फिरवते. बेलगासेमने नराचे फुलोरे छपरावर सावलीत पसरले होते. घरभर त्यांचा ओल्या पिठासारखा वास भरला होता. सालहा काड्या सोडवून जुड्या बांधायची. तिच्या भुवयांवर परागाची पांढरी धूळ बसायची आणि ती म्हातारी दिसायची.

एका संध्याकाळी बेलगासेम दुकानासमोरच्या चहाला गेला आणि लगेच परत आला. असा तो कधी येत नसे. निखाऱ्यावर तासभर उकळलेला काळा चहा, तिसरा पेला झाल्याशिवाय तो उठत नसे. आला, ओट्यावर बसला, आणि अंगावरच्या लोकरी बर्नूसची, त्या लांब झग्याची, कड ओढून पाय झाकून घेतले.

“थंडी वाजते का?” मेहेरझियाने विचारलं. बाहेर शहीली भाजत होता.

त्याने कड आणखी खाली ओढली. त्याचे तळवे खुरासारखे होते, पिवळे, जाड, चिरा पडलेले. लग्न झालं तेव्हा तिला त्यांची भीती वाटली होती. आज ते पाय तो एखाद्या चोरलेल्या वस्तूसारखे झाकून बसला होता.

काय झालं ते शेजारच्या तिबराने सांगितलं. ती विरजण मागायला आली होती, म्हणजे सांगायलाच आली होती.

“अगं, लज़हरने तुझी बात गावभर केली, आणि मिलूद बोलला. म्हणाला, बेलगासेम, पाच वर्षं तुझ्या हातचे म्हणून खजूर खाल्ले, ते पोरीच्या हातचे होते होय? म्हणून गोड लागत होते! आणि म्हणाला, जरा पाय दाखव, मेंदी लावलीस का बघू. सगळे हसले गं. चहा ओतणाऱ्याने तर त्याच्यापुढे बायकांचा पेला ठेवला, तो लहान असतो ना, फुलाफुलांचा.”

“आणि हा काय म्हणाला?”

“काही नाही. तुझी बात खोटी पाडली असती तर पोरीचं काम गेलं असतं. गप उठून आला.”

मेहेरझियाने तिला विरजण दिलं, जरा जास्तच दिलं. वळली तर मागे सालहा उभी होती, हातात फुलोऱ्याची जुडी.

“तू काय सांगून आलीस, उम्मी?”

“तुला काम मिळेल असं सांगून आले.”

“बाबाचे पाच हंगाम माझ्या नावावर केलेस.”

“मग? त्याला आता काय करायचेत ते? खायचेत?” मेहेरझिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाप लेकीला शेत देतो, झाड देतो, दागिना देतो. आमच्याकडे काय होतं द्यायला? हंगाम होते. त्याच्याकडे ढिगाने पडून आहेत. पाच दिले तर कुठे उणं पडलं?”

“शेत दिलं तर बाप शेतात कधी गेलाच नव्हता असं कुणी म्हणत नाही.”

यावर उत्तर होतं मेहेरझियाकडे. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. पण ते सापडेपर्यंत पोरगी ओट्यावर बापाशेजारी जाऊन बसली.

“बाबा, शुक्रवारी काय सांगू?”

बेलगासेमने पलीकडच्या खजुरींच्या शेंड्यांकडे पाहिलं. “वर गेल्यावर वारा कुणीकडून येतो ते बघ,” तो म्हणाला. “वाऱ्याकडे पाठ करून बस. नाहीतर काड्यांची सगळी धूळ डोळ्यांत.”

“मी काय विचारते आणि...”

“मी ते सांगतोय. बाकीचं तुझं तू बघ.”

शुक्रवारी नमाज संपली आणि निम्मं गाव बागेत. कुणी सांगितलं नव्हतं, पण गावाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी पाण्याची पाळी होती, त्यामुळे वाफ्यांत चिखल होता. शेंगांच्या रोपांवर पाय पडू नये म्हणून माणसं बांधावर ओळीने उभी राहिली, लग्नात नाच बघायला राहावीत तशी. बेलगासेम गाढवाच्या गाडीतून आला. मेहेरझियाने लाल चादर घेतली होती. सगळ्यांच्या नजरेला नजर देत ती पुढे जाऊन उभी राहिली.

लज़हरने बागेतली उंच खजुरी निवडली होती. मधले खुंट झिजून गुळगुळीत झालेले, पावलाला धर कमी.

“तर,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पाच हंगाम?”

“पाच,” मेहेरझिया म्हणाली.

“एकही नाही,” सालहा म्हणाली.

मग मिलूद खो खो हसला आणि सगळे त्याच्यामागे.

“ते पाच बाबाचे,” सालहा म्हणाली. “पाचही आणि त्याच्या आधीचेही सगळे. मी हिवाळ्यात उम्मीच्या झाडावर चढले. तेवढंच. इथल्या एकाही झाडाला मी हात लावलेला नाही. मला काम पाहिजे.”

मेहेरझियाला वाटलं, पायाखालचा चिखल दुभंगावा. अंगावरची चादर एकदम जड झाली. मिलूद तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

लज़हरचा चेहरा लाल झाला. त्यालाही गावासमोर फसवलं होतं. “मग घरी जा. मी स्पष्ट सांगितलंय, अनुभव नाही त्याला काम नाही.”

“काम नाही त्याला अनुभव कुठून येणार, लज़हरभाऊ? बाजारात मिळतो का?”

“ते मला विचारू नकोस. मालकाला विचार.”

“चढते आधी. मग विचारते.” तिने विळा कमरेला खोचला, काड्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि झाडाला लागली.

“मी चढ म्हटलेलं नाही!” लज़हर ओरडला. तोवर तिचे पाय त्याच्या डोक्याच्या वर होते.

सुरुवातीला बरी चढली. मग झिजलेले खुंट आले. डाव्या पायाला जागा सापडेना. ती थांबली आणि तिची पोटरी थरथरायला लागली, खालून दिसत होतं. सगळे बघत होते.

“दोर आणा रे!” मिलूद म्हणाला. “घराण्याची रीत आहे!”

मेहेरझिया गर्रकन वळली. “मिलूद, तुझी बायको तुला वर चढवते तेव्हा दोर लागतो का? गप राहा.” हशा आता दुसऱ्या बाजूला गेला. पण तिचा जीव वर अडकला होता.

आणि तेव्हा बेलगासेम गाडीतून उतरला. काठी टेकत, कडेकडेने, खेकड्यासारखा बांध ओलांडून तो त्या झाडाखाली आला. काठी टाकली. हातावर भार देऊन आधी गुडघ्यावर आला, मग कुशीवर झाला, मग सगळ्या गावादेखत ओल्या चिखलात उताणा पडला. त्याचा शुक्रवारचा पांढरा जुब्बा, मेहेरझियाने सकाळी धुवून इस्त्री केलेला. ते खुरासारखे तळवे सगळ्यांकडे वळलेले. कुणी हसलं नाही. हसायला तोंड उघडलेला एक जण तसाच राहिला.

“सालहा,” तो आरामात म्हणाला, जणू घरामागेच आहे. “पाठ बाहेर टाक. डाव्या टाचेसाठी तुझ्या गुडघ्याच्या उंचीला आहे एक खुंट, मागच्या बाजूला. मी तो गेल्या साली मुद्दाम कापला नाही.”

टाच फिरली, चाचपली, बसली. पोरगी वर सरकली. मग आणखी वर, झावळ्यांत गेली. काटे कापल्याचे आवाज आले, काटे टपटप खाली पडले. ती पहिल्या पोयीला वाकली आणि पिशवी खांद्यावरून निसटली. भिरभिरत आली आणि चिखलात आदळली. पांढरी धूळ उडाली.

“बघितलंत?” लज़हर दोन्ही हात पसरून म्हणाला. “हेच. अनुभव नाही म्हणजे हेच. पिशवी कमरेला बांधतात हेही तिला माहीत नाही!”

सालहा उतरली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हात रक्ताळलेले, गालावर ओरखडा. तिने वरच्या वरच्या कोरड्या जुड्या निवडून घेतल्या, पिशवी कमरेला करकचून बांधली.

“आता माहीत झालं,” ती म्हणाली आणि पुन्हा झाडाला लागली.

या वेळी डाव्या टाचेने तो खुंट न सांगता शोधला. वर जाऊन वाऱ्याकडे पाठ करून बसली. पोय उकलली, काड्या उलट्या धरून आत खोचल्या, पातीचा बंध घातला. एक. दुसरी. कुठे बंध घट्ट झाला, तो सोडून पुन्हा बांधला. ते सगळं फार हळू चाललं होतं. मिलूदने तेवढ्यात तीन झाडं उरकली असती. माणसं कंटाळून बसली, कुणी सिगारेट पेटवली, कुणी घरी गेलं. मेहेरझिया उभीच होती.

ती खाली आली तेव्हा लज़हर मोटारसायकलला टेकून होता. “झालं? आता ऐक. परवा ये. मी मालकाला विचारतो, विचार करतो...”

सालहाने ऐकलं की नाही कोण जाणे. पाटाचं पाणी तोंडावर मारलं, पिशवीत नव्या जुड्या भरल्या आणि शेजारच्या खजुरीकडे चालू लागली.

“अगं ए! मी तुला कामावर घेतलेलं नाही!”

“पोयी फाटल्यात,” ती मागे न बघता म्हणाली. “त्यांना परवा ये म्हणून सांगून बघा.”

लज़हरने वर पाहिलं. शहीलीत शेंडे खडखडत होते आणि जिथे बघावं तिथे पोयी उघड्या पडल्या होत्या. तो मिलूदकडे बघू लागला. मिलूद म्हणाला, “तिसरा हिस्सा,” आणि दात कोरू लागला. लज़हर जमिनीवर थुंकला.

“पाचवा देणार नाही!” तो झाडावर चढलेल्या पोरीला ओरडून म्हणाला. “दहावा! ऐकलंस? पहिला हंगाम दहाव्या हिश्शावर. फळ धरलं नाही तर तोही नाही, घरही नाही. आणि त्या झाडाचे खालचे काटे आधी काप, मग पोयीला हात लाव!”

मेहेरझियाने चादर सावरली. हुकूम सोडला म्हणजे माणूस कामावर घेतला, हे तिला कळायला मुकादमाची गरज नव्हती. आता तिचं काम सुरू होत होतं. दहावा म्हणतो, म्हणजे आठव्यावर येईल. रडगाणं गायलं तर सातव्यावर, आणि मिलूदचं नाव मध्ये दोनदा घेतलं तर सहाव्यावरही येईल. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

“चालेल!” वरून आवाज आला. “दहावा चालेल!”

मेहेरझियाचं तोंड उघडंच राहिलं. चिखलात उताणा पडलेला बेलगासेम हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता खुबा दुखला, तरी तो हसत राहिला. मेहेरझियाने त्याच्याकडे बघितलं, लज़हरकडे बघितलं, मग दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि बागेतल्या, गावातल्या, सफाकसच्या मालकालासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात वर ओरडली,

“सालहा! ऐक गं माझे आई! तू तोंड उघडलंस की घर बुडतं. देवाने तुला पाय दिलेत, त्यांचंच काम कर. वरच राहा तू, खाली बोलायला मी आहे!”